हातातला वणवा

लिफ्टवाल्याबद्दल कवळीवाल्यांना नेमकं काय ठाऊक होतं, असं कुणी विचारलं तर त्यांची पंचाईत होईल. काही वर्षं तो माणूस दर रविवारी त्यांच्यासमोर बसत होता. त्याचा उजवा अंगठा ग्रीसनं कायमचा काळा झाला होता, घड्याळ तो मनगटाच्या आतल्या बाजूला बांधायचा, हसताना आवाज करायचा नाही आणि चहात साखर जरा जास्तच घ्यायचा, एवढं ते शपथेवर सांगतील. त्यापुढे सगळा अंधार. राहायचा कुठे? ‘पुलापलीकडे.’ कुठल्या पुलापलीकडे, हे विचारायचं राहूनच गेलं. घरी कोण होतं? उठताना तो नेहमी म्हणायचा, ‘‘निघतो दादा, घरी वाट बघतायत.’’ त्यावरून कवळीवाल्यांनी मनाशी एक बायको धरली होती, एकदोन मुलंही धरली होती. तो गेल्याची बातमी लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीच्या नव्या लिफ्टवाल्यानं सांगितली तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, ‘‘घरच्यांचं कसं?’’

नवा म्हणाला, ‘‘घरचं कोण, काका? एकटेच तर होते ते. पहिल्यापासून.’’

तेव्हा पुढे जे सांगायचं आहे ते अर्ध्यामुर्ध्या माहितीवरचं आहे. त्या माणसाला जवळून ओळखणारं दुसरं कुणी असेल तर त्यानं खुशाल खोडून काढावं. पण बहुधा नसावं.

कवळीवाले म्हणजे दातांचे डॉक्टर नव्हेत. डॉक्टर पुढच्या खोलीत. तिथे खुर्ची, मोठा दिवा आणि भिंतीवर हसणाऱ्या बाईचं चित्र. कवळीवाले मागच्या चिंचोळ्या खोलीत. तिथे मेण वितळवायची शेगडी, प्लास्टरची पोती, घासायचं यंत्र आणि फळीवर ओळीनं मांडलेल्या कवळ्या. डॉक्टर तोंडाचं माप पाठवत, हे दात बसवून परत देत. ‘‘जन्म लोकांच्या तोंडात गेला, पण तोंड एकाचंही पाहिलं नाही,’’ असं ते म्हणायचे. जुनी कवळी दुरुस्तीला आली की मात्र झिजेवरून त्यांना माणूस दिसायचा. हा डाव्या बाजूनंच चावतो. ही झोपेत दात खाते. ह्याला पेन चघळायची खोड आहे. ते कुणाला सांगायचे नाहीत. सांगून करायचं काय?

खोली इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर होती आणि घर पाचव्या. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. थोरली बहीण, अक्का, घर सांभाळायची आणि भावालाही. मुलगी नोकरीसाठी दूरदेशी गेली, तेव्हा अक्कानं तिची खोली आवरायला काढली. कपाटाच्या तळाशी बुटांचं एक खोकं निघालं, पत्त्यांसारख्या, प्राण्यांच्या चित्रांच्या पानांनी गच्च भरलेलं.

‘‘टाकून ये हे,’’ अक्का म्हणाली. ‘‘पोरगी नोकरीला लागली आणि आपण तिची माकडं सांभाळतोय.’’

कवळीवाले खोकं घेऊन निघाले तर लिफ्ट बंद. जिन्यानं उतरत तिसऱ्या मजल्यावर आले. तिथे लिफ्टचं दार सताड उघडं आणि आत, लिफ्टच्या छपरावर, एक माणूस तोंडात टॉर्च धरून उकिडवा बसलेला. त्याची नजर खोक्यावर पडली. त्यानं टॉर्च तोंडातून काढली.

‘‘हे कुठे निघालं?’’

‘‘कचऱ्यात.’’

‘‘अहो थांबा, थांबा! कचऱ्यात काय टाकताय, दादा? खेळ आहे तो.’’

‘‘पोरांचा खेळ.’’

‘‘पोरांचा असता तर मी खेळलो असतो का? माझे केस बघा.’’ त्यानं टॉर्च स्वतःच्या डोक्यावर धरली. केस निम्मे पिकले होते, निम्मे गेले होते.

तो लिफ्टच्या छपरावरून उतरला, अंगठा पँटला पुसला, जिन्याच्या पायरीवर बसला आणि पानं बघू लागला. बघताना मान एका बाजूला कलती ठेवायची त्याची सवय होती. मोटरचा आवाज ऐकून ऐकून लागलेली असावी. इमारतीतली माणसं पाच मजले चढून-उतरून लिफ्टला शिव्या घालत होती आणि हा बसून पानं लावत होता. शेवटी म्हणाला, ‘‘माल चांगला आहे. रविवारी येऊ का? शिकवतो.’’

कवळीवाल्यांना ‘नको’ म्हणायला कधीच जमलं नव्हतं. रविवारी दवाखाना बंद असायचा आणि अक्का दुपारची झोपायची. ते ‘बरं’ म्हणाले.

खेळ वरकरणी सोपा. दोघांचे वेगवेगळे गठ्ठे, स्वतः निवडून बांधलेले. प्रत्येकाचे वीस प्राण. पाळीला एक दिव्याचं पान लावता येतं, आणि जितके दिवे लागले असतील तितक्या ताकदीचं जनावर मैदानात उतरवता येतं. जनावरं समोरच्यावर सोडायची, किंवा त्याच्या जनावरांना आडवी घालायची. ज्याचे प्राण आधी संपले तो हरला. वाचायला एवढंच, पण खेळायला बसलं की माणसाची फे फे उडते. कवळीवाल्यांची उडाली. पहिल्या रविवारी ते ओळीनं सगळे डाव हरले. लिफ्टवाल्याचा गठ्ठा संथ होता. उगाच बसल्यासारखा वाटायचा आणि मग एकामागून एक अस्वलं, रानडुकरं, गवे यायचे. कवळीवाल्यांनी खोक्याला झाकण लावलं.

‘‘हे आपल्याच्यानं व्हायचं नाही. आपले दात बरे.’’

लिफ्टवाला उठला. दारापर्यंत गेला. तिथून वळून म्हणाला, ‘‘पुढच्या रविवारी शेवटचं बघू. तुमच्यासाठी वेगळा गठ्ठा बांधू. तुमच्या स्वभावाच्या उलट.’’

‘‘माझा स्वभाव तुला काय ठाऊक?’’

‘‘जिन्यात समोरून कुणी आलं की तुम्ही भिंतीला चिकटून उभे राहता. तेवढं पुरे.’’

पुढच्या रविवारी त्यानं मागच्या खोलीतल्या कामाच्या बाकावर खोकं उलटं केलं. सगळ्या पानांतून लहानसहान मुंगसं वेगळी काढली. एका दिव्यात उतरणारी, दोन दिव्यांत उतरणारी. एकेकटं पाहिलं तर कुणी हिंग लावून विचारणार नाही असं जनावर. ‘‘ही टोळी,’’ तो म्हणाला. ‘‘एक मुंगूस म्हणजे काहीच नाही. पण ह्यातलं हे पान शेजारच्या मुंगसाला बळ देतं, हे येताना जोडीदार घेऊन येतं, आणि हे तर आल्या आल्या चावतं. समोरचा दिवे लावत बसलाय तोवर त्याचे प्राण संपवायचे. थांबायचं नाही. विचार करत बसायचं नाही. घुसायचं.’’

‘‘आणि समोरच्यानं मोठं जनावर काढलं तर?’’

‘‘त्याच्या आत डाव संपला पाहिजे. टोळी म्हाताऱ्या माणसासारखी नाही, दादा. तिला दम धरवत नाही.’’

गठ्ठा बांधण्यात चार-पाच रविवार गेले आणि कवळीवाल्यांना हे काम फार आवडलं. ते त्यांच्या ओळखीचं होतं. कवळीत एक दात कितीही सुंदर असला तरी त्याला किंमत नसते. अठ्ठावीसच्या अठ्ठावीस एका चाव्यात बसले पाहिजेत. नवशिक्याच्या हौसेनं त्यांनी गठ्ठ्यात एक हत्ती ठेवला होता. मुलीचा लाडका, सोनेरी कडा असलेला.

‘‘हा कशाला?’’ लिफ्टवाल्यानं विचारलं.

‘‘असू दे. देखणा आहे.’’

‘‘मुंगसांच्या वऱ्हाडात हत्ती? तो येईपर्यंत लग्न लागून पोरं होतील. जमातीत पाहुणा नको, दादा.’’

त्यांनी मुलीला फोनवर विचारलं. ती हसली. ‘‘बाबा, तुम्ही खरंच खेळताय? द्या की देऊन हत्ती. त्याच्या बदल्यात म्होरक्या मागा, मुंगसांचा म्होरक्या. तो मैदानात असला की सगळी टोळी वाघ होते.’’ एरवी मुलीचा फोन म्हणजे जेवलात का, औषध घेतलंत का, अक्का कशी आहे, आणि मग दोन्हीकडे गप्प. त्या दिवशी दोघं बोलत राहिले. अक्का दोनदा येऊन डोकावून गेली.

खेळण्यांच्या दुकानात ही पानं मिळायची. दुकानवाल्या बाईंकडे हत्ती देऊन लिफ्टवाल्यानं म्होरक्या आणला. दिव्यांची पानं कमी केली, कारण टोळीला फार दिवे लागत नाहीत. जे पान मुंगूस नाही ते काढलं. शेवटी गठ्ठा हातात घेऊन कवळीवाल्यांनी बाकावर ठोकून चारी बाजूंनी सारखा केला. नवी कवळी तोंडात बसवायच्या आधी तळहातावर ठेवून पाहायची त्यांची रीत होती, तसं त्याकडे पाहिलं.

आणि ते जिंकायला लागले.

पाचातले चार डाव त्यांचे असायचे. हातात आलेलं प्रत्येक मुंगूस ते लगेच मैदानात ओतायचे आणि लिफ्टवाल्याचे प्राण टपाटप गळायचे. जो माणूस जन्मभर ‘तुम्ही आधी, तुम्ही आधी’ म्हणत दारात उभा राहिला तो बाकावर मूठ आपटून ‘‘घुसा रे!’’ म्हणू लागला. फळीवरच्या कवळ्या हादरून खडखडायच्या. अक्का चहा घेऊन खाली यायची.

‘‘काय रे, आज पण हरलास का?’’ ती लिफ्टवाल्याला विचारायची.

‘‘काय करू अक्का, तुमच्या भावाला दात फुटलेत.’’

‘‘त्याच्याकडे दातांना काय तोटा!’’

हरला की लिफ्टवाला हातातली उरलेली पानं पालथीच गठ्ठ्यात मिसळून टाकायचा. पहिल्यांदा हरला त्याच दिवशी त्यानं सांगितलं होतं, ‘‘नियम आहे. हरलेल्यानं हात दाखवायचा नसतो.’’ कवळीवाल्यांना हा नियम सभ्य वाटला होता. हरलेल्याची झाकली मूठ राहू द्यावी.

एकदाच, एका डावानंतर, तो उगीचच म्हणाला होता, ‘‘दोनेक मुंगसं हातात राखत जा, दादा. सगळी ओतू नका.’’

‘‘राखून काय लोणचं घालू?’’ कवळीवाले म्हणाले. त्या दिवशी त्यांनी तिसरा डाव मारला होता. लिफ्टवाला हसला, नेहमीसारखा, आवाज न करता, आणि विषय तिथेच पडला.

मुलीला आता फोनवर डाव सांगितले जात. कुठलं मुंगूस आधी उतरवलं, म्होरक्या कधी आला. एकदा ती म्हणाली, ‘‘पाचात चार? बाबा, मग तुम्ही स्पर्धेत उतरा. त्या दुकानातच होते. मी पोरगी असताना तिथे कधी एकही फेरी जिंकले नाही. माझ्या पानांनी तुम्ही तरी जिंका.’’ आणि मग म्हणाली, ‘‘झाल्यावर मला लगेच फोन करा. मी वाट बघते.’’

मुलगी आपल्या फोनची वाट बघणार आहे, ही गोष्ट कवळीवाल्यांनी दिवसभर मनात घोळवली. मेण जळलं तरी त्यांच्या लक्षात आलं नाही.

लिफ्टवाल्याला सांगितलं तर त्याचा चेहरा उतरला. ‘‘स्पर्धेचं काय पडलंय, दादा? तिथे सगळी कॉलेजची पोरं. गडबड, गोंगाट. आपलं इथलं बरं चाललंय की.’’

‘‘घाबरतोस माझ्यासाठी? पाचात चार मारतो तुला.’’

‘‘मला मारता हो. मी म्हणजे काही...’’ तो अर्ध्यावर थांबला. ‘‘रविवारीच आहे ना? माझी नेमकी ड्यूटी आहे. नाहीतर आलो असतो.’’

इतक्या वर्षांत त्याला रविवारी कधी ड्यूटी लागली नव्हती. हे कवळीवाल्यांना तेव्हा सुचलं नाही. चांगलं चाललेलं असतं तेव्हा माणसाला असं काही सुचत नाही.

दुकानाच्या मागच्या हॉलमध्ये लांब टेबलं मांडली होती. कवळीवाल्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि अक्कानं हट्टानं दिलेला मफलर. समोर एक मुलगी आली, त्यांच्या मुलीपेक्षा लहान. ‘‘काका, तुम्ही कुणाला सोडायला आलायत का?’’ म्हणाली, आणि चूक कळल्यावर जीभ चावली. तीनांतले दोन डाव जिंकायचे होते. पहिला डाव कवळीवाल्यांनी बघता बघता खाल्ला. मुलीनं हातातली पानं त्यांच्यासमोर उघडी टाकली.

‘‘बघा, काका, नुसते दिवेच आले. काय करणार?’’

‘‘अगं, झाक ते,’’ कवळीवाले गडबडून म्हणाले. ‘‘हरलेल्यानं हात दाखवायचा नसतो.’’

‘‘असं कुणी सांगितलं?’’

‘‘नियम आहे ना?’’

‘‘नाही हो. सगळे दाखवतात. त्याशिवाय शिकणार कसं?’’

दुसऱ्या डावात त्यांनी टोळी ओतली. म्होरक्या आला. आणखी एक पाळी मिळाली असती तर संपलंच होतं. मुलीनं चौथा दिवा लावला आणि एक पान टाकलं. पानावर आग होती. कवळीवाल्यांनी चष्मा वर करून वाचलं. वणवा. मैदानातली सगळी लहान जनावरं मेली.

‘‘सगळी?’’ त्यांनी विचारलं.

‘‘सगळी, काका.’’

त्यांच्या हातात एकही पान नव्हतं. पुढचा डावही तसाच गेला. हरलेल्यांनाही पुढची फेरी खेळायला मिळायची. दुसऱ्या फेरीत चष्म्याचा एक पोरगा, त्याच्याकडेही वणवा. त्यानं डाव संपल्यावर मोठ्या माणसासारखं समजावलं, ‘‘काका, गठ्ठा तुमचा मस्त आहे. कुणीतरी जाणकारानं बांधलाय. पण तुम्ही सगळी टोळी एकदम का ओतता? वणवा तर प्रत्येक संथ गठ्ठ्यात असतो. टोळीवाला पहिल्या महिन्यात हेच शिकतो की दोन-तीन हातात राखायची.’’ मग आपुलकीनं विचारलं, ‘‘तुम्ही नेहमी कुणाशी खेळता?’’

‘‘आहे एक,’’ कवळीवाले म्हणाले.

ते घरी आले. अक्का दार उघडून तशीच उभी.

‘‘काय? जिंकलास?’’

‘‘नाही.’’

‘‘एक तरी फेरी?’’

‘‘एकही नाही.’’

अक्काला त्यात टोमणा मारायचा नव्हता. ती खरंच कोड्यात पडली होती. म्हणाली, ‘‘मग दर रविवारी खाली कोण जिंकत होतं?’’

मुलीचा फोन वाजत राहिला. कवळीवाल्यांनी तो वाजू दिला.

पुढच्या रविवारी लिफ्टवाला नेहमीच्या वेळी आला. ‘‘कशी झाली स्पर्धा?’’ असं विचारलं, पण बसता बसता, पाठ करून. कवळीवाले म्हणाले, ‘‘तुझा गठ्ठा दे बघू.’’

एकमेकांच्या गठ्ठ्याला हात लावायचा तो फक्त पिसल्यावर कापण्यापुरता, ही खेळणाऱ्यांची रीत. लिफ्टवाल्यानं गठ्ठा पुढे सरकवला.

कवळीवाल्यांनी पानं एकेक करून बाकावर मांडली, दात मांडावेत तशी. अस्वलं, रानडुकरं, गवे. प्रत्येक पान प्लास्टिकच्या कव्हरात होतं आणि प्रत्येक कव्हराच्या खालच्या कोपऱ्यात ग्रीसचा पुसट ठिपका होता, काळ्या अंगठ्यानं क्षणभर धरल्याचा. मग दोन पानं आली ज्यांच्या कोपऱ्यावरचं प्लास्टिक अंगठ्याच्या आकारात झिजून काळंकुळकुळीत झालं होतं. पान हाती येतं आणि माणूस ते टाकत नाही. डाव संपेपर्यंत धरून ठेवतो, पुढच्या डावात पुन्हा येतं, पुन्हा धरून ठेवतो. असं वर्षानुवर्षं केल्याशिवाय ती झीज होत नाही. कवळीवाल्यांना झिजेतलं एवढं कळत होतं. दोन्ही पानांवर आग होती.

‘‘हे वणवे कधीपासून आहेत तुझ्याकडे?’’

‘‘आत्ताच...’’ लिफ्टवाला म्हणाला. कवळीवाल्यांचं बोट कोपऱ्यावर होतं. तो थांबला. ‘‘पहिल्यापासून.’’

‘‘दर डावात हातात असायचे?’’

‘‘दर नाही. बऱ्याचदा.’’

‘‘आणि तो नियम? हरलेल्यानं हात झाकायचा?’’

लिफ्टवाला अंगठा पँटला पुसत राहिला. तो अंगठा पुसून स्वच्छ होणाऱ्यातला नव्हता.

‘‘दादा, तुम्ही पहिल्या दिवशी हरलात आणि खोक्याला झाकण लावलंत. आठवतंय? मी म्हटलं, हे परत हरले तर परत झाकण लावतील. मग रविवारी मी...’’ तो पुढचं शब्द शोधून बोलला. ‘‘मला यायचं होतं. बाकी काही नाही. मला रविवारी यायचं होतं.’’

‘‘यायचं होतं तर नुसता यायचास. चहा प्यायचास.’’

‘‘नुसतं कोण कुणाकडे येतं?’’

‘‘मी मुलीला सांगत होतो,’’ कवळीवाले म्हणाले. त्यांचा आवाज चढला नाही. चढवायची सवयच नव्हती. ‘‘एकेक डाव सांगत होतो. तू इथे बसून हसत होतास.’’

‘‘हसत नव्हतो, दादा.’’

‘‘आवाज येत नाही तुझ्या हसण्याचा. मला काय कळणार?’’

बाहेर लिफ्ट वर गेली, खाली आली. लिफ्टवाल्याची मान सवयीनं कलली, मग त्यानं ती सरळ केली.

‘‘पिस,’’ कवळीवाले म्हणाले. ‘‘आता एक डाव खरा खेळ.’’

ते खेळले. ह्या वेळी कोणी ‘घुसा’ म्हटलं नाही. कवळीवाल्यांनी तीन मुंगसं उतरवली आणि दोन राखली, म्होरक्या आणि जोडीनं येणारं. चौथा दिवा लागला आणि लिफ्टवाल्यानं वणवा टाकला. त्या बाकावर तो पहिल्यांदा पडला. कवळीवाल्यांची बाजू साफ झाली. मग कवळीवाल्यांनी राखलेली टोळी उतरवली. लिफ्टवाल्याचं एक रानडुक्कर उभं होतं. शेवटच्या आधीच्या पाळीत त्यानं ते आडवं घातलं नाही. पुढच्या पाळीत त्याचे प्राण संपले.

कवळीवाले जिंकले होते. हातातली पानं राखून, वणवा पचवून, शहाण्या माणसासारखे जिंकले होते.

लिफ्टवाल्यानं हात उघडा टाकला. दिवे होते आणि एक अस्वल, ज्याला अजून एक दिवा कमी पडत होता. ‘‘बघा, दादा. हा खरा होता. शपथ घेतो.’’

‘‘रानडुक्कर आडवं का घातलं नाहीस?’’

‘‘पुढे हल्ल्याला हवं होतं. चुकलो.’’

‘‘चुकलास की चुकल्यासारखं केलंस?’’

‘‘खरंच चुकलो, दादा.’’

कदाचित खरंच चुकला असेल. कवळीवाल्यांनी पुढे कितीतरी वेळा तो डाव मनात मांडून पाहिला आणि दोन्ही बाजूंनी तो सारखाच पटतो. पण त्या दुपारी त्यांना एवढंच दिसलं, की ह्या माणसासमोर आता आपण कधीच जिंकू शकणार नाही. हरलो तर हरलो. पण जिंकलो, तर ते त्यानं दिलेलं की आपण घेतलेलं, हे कसं कळणार? मागचे सगळे रविवार त्यानं काढून घेतले होतेच, पुढचेही गेले. त्यांनी मुंगसं गोळा केली, बाकावर ठोकून सारखी केली आणि खोक्याला झाकण लावलं.

लिफ्टवाला उठला. ‘‘निघतो, दादा,’’ म्हणाला. त्या दिवशी त्यानं घरी वाट बघतायत असं म्हटलं नाही. कवळीवाल्यांच्या ते लक्षात आलं होतं, पण त्याचा अर्थ नवा लिफ्टवाला येईपर्यंत लागला नाही.

मुलीला त्यांनी एवढंच सांगितलं की स्पर्धेत हरलो. ‘‘असू दे, बाबा,’’ ती म्हणाली, ‘‘तुमचे लिफ्टवाले काका काय म्हणाले?’’ ‘‘त्याला ड्यूटी होती,’’ ते म्हणाले. मग जेवलात का, औषध घेतलंत का.

अक्कानं दोन-तीन रविवार चहा जास्तीचा केला, मग करणं सोडलं. एकदा म्हणाली, ‘‘माणूस वाईट नव्हता रे.’’ कवळीवाले म्हणाले, ‘‘वाईट असता तर बरं झालं असतं.’’ अक्काला ते समजलं की नाही, कोण जाणे. त्यांना स्वतःलाही पुरतं समजलं होतं असं नाही.

लिफ्टची देखभाल होती, त्यामुळे तो महिन्याकाठी इमारतीत यायचाच. जिन्यात गाठ पडली की कवळीवाले जुन्या सवयीनं भिंतीला चिकटून उभे राहायचे आणि तोही अंग चोरून पुढे जायचा. दोघंही मान हलवायचे.

शेवटची भेट खालच्या मजल्यावर झाली. कवळीवाले प्लास्टरचं पोतं छातीशी धरून लिफ्टपाशी आले, तेव्हा तो हत्यारांची पिशवी आवरत होता. नुकतंच दार बदललं होतं. त्यानं बाजूला होऊन जागा दिली. आत हात घालून बटण दाबायला गेला आणि दाबायच्या आधी विचारलं, जणू त्याला ठाऊक नव्हतं:

‘‘तिसरा ना?’’

‘‘तिसरा.’’

त्यानं दाबलं. कवळीवाल्यांनी एका हातानं पोतं सावरत दुसऱ्या हातानं दार ओढायला घेतलं, जुनं दार ओढावं लागायचं तसं.

‘‘ओढू नका, दादा. सोडून द्या. आता आपोआप लागतं.’’

‘‘बरं,’’ कवळीवाले म्हणाले.